गड, गढी आणि भाऊबंदकी

(महादेवाच्या देवळाच्या कलशारोहणाच्या आदल्या रात्री नव्या सभामंडपात झालेले व्याख्यान. वक्ते आपल्याच गावचे निवृत्त शिक्षक असून, स्मरणिका समितीच्या विनंतीवरून त्यांनी ते लिहून दिले आहे.)



उद्या कळस चढायचा आहे. अशा वेळी कीर्तन व्हावे, ते सोडून समितीने मला उभे केले. किल्ल्यांवर बोला, असा निरोप आला. देवळात किल्ल्यांचे काय काम, असे काहींना वाटेल. पण परवा एक गोष्ट घडली, तिथून सुरुवात करतो.

चौथीतला एक मुलगा गढीच्या बुरुजाशी उभा होता. मला म्हणाला, "गुरुजी, आपल्या गढीवर शिवाजी महाराज आले होते का?" मी म्हटले, "नाही बापू." तो हिरमुसला. लगेच पुढचा प्रश्न, "मग ही कोणापासून बचाव करायला बांधली?" त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, कारण खरे उत्तर ऐकायला बरे वाटत नाही. मोगल, गोंड, निजाम, पेंढारी ही नावे आपण पटकन घेतो. ती खोटी नाहीत. परंतु अठराव्या शतकात या वऱ्हाडातून ज्या फौजा गेल्या, त्यांतल्या कितीतरी आपल्याच लोकांच्या होत्या आणि आपल्याच लोकांवर चालून जात होत्या. काका पुतण्यावर, भाऊ भावावर. अशा लढाईला आपण यादवी म्हणतो. प्रभासक्षेत्री श्रीकृष्णाचे कुळ आपसात लढून संपले, त्यावरून आलेला हा शब्द आहे. यादवीत किल्ल्याचे काम काय असते, तेवढेच आज सांगायचे आहे.

आपला जिल्हा नकाशावर पाहा. पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. गाविलगड-नरनाळ्यासारखा उंच डोंगरी किल्ला आपल्याकडे नाही. कळंबला जुना किल्ला होता. अहमदशहा बहमनीने १४२५ मध्ये माहूर आणि कळंब घेतल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर त्याने एलिचपुरास मुक्काम करून गाविलगड बांधला, नरनाळा दुरुस्त केला. आज कळंब म्हटले की आपल्याला चिंतामणी आठवतो, किल्ला कोणाला आठवत नाही. म्हणजे उत्तरेला मेळघाटात गाविलगड आणि नरनाळा, दक्षिणेला पैनगंगेपलीकडे माहूर, आग्नेयेला माणिकगड, पूर्वेला वर्धेपलीकडे चांदा. या साऱ्यांच्या मधले अंगण म्हणजे आपण. घरात दोघे भांडले की भांडी अंगणात येऊन पडतात, हे आयाबायांना सांगायला नको.

रघुजी भोसल्यांनी १७५१-५२ च्या सुमारास चांदा, गाविलगड, नरनाळा आणि माणिकगड हे सारे ताब्यात आणले. १७५५ मध्ये रघुजी वारले आणि चार मुलांत वाटणी आली. जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. बरेच कज्जे होऊन जानोजीला सेनासाहेबसुभा हे मुख्यपद मिळाले, मुधोजीला चांदा, बिंबाजीला छत्तीसगड आणि साबाजीला वऱ्हाडातले दारव्हा. आपल्या दारव्ह्याचे नाव या वाटणीत आहे, हे लक्षात ठेवा. पुढे कामी येईल.

आता थोडे पुण्याकडे वळतो, कारण वऱ्हाडातली आग पुष्कळदा तिकडच्या ठिणगीने लागली.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट साताऱ्याची सांगतो. औरंगजेब १७०७ मध्ये मेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. काकू ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही. मराठ्यांचेच दोन पक्ष झाले. सातारचा किल्ला ताराबाईंच्या बाजूने परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी लढवीत होते. गडावर दाणागोटा होता, दारूगोळा होता, तट पक्का होता. औरंगजेबाला हाच गड घ्यायला कित्येक महिने लागले होते. शाहूंना तो फार लवकर मिळाला. कसा? गडावरचा हवालदार शेख मिरा. त्याची बायकामुले खाली वाईला राहत. शाहूंच्या माणसांनी ती धरली आणि गड दिला नाहीस तर यांना तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप वर पाठवला. शेख मिराने प्रतिनिधींनाच कैद केले आणि दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंना राज्याभिषेक झाला.

मी शाळेत हा धडा शिकवीत असे तेव्हा मुले विचारत, शेख मिरा फितूर का? मला कधी त्याला फितूर म्हणवले नाही. परका शत्रू चालून आला तर किल्लेदाराला आपला कोण, परका कोण ते ठाऊक असते. यादवीत खाली उभा असतो तोही धनीच, वर असतो तोही धनीच. दोघांकडे शिक्का, दोघांकडे हक्काचे कागद. आणि किल्लेदाराचे नातलग खालच्या गावात. परकी फौज तटाला भगदाड पाडते. घरचा माणूस किल्लेदाराची सोयरीक कुठे आहे ते जाणतो. म्हणून एरवी वर्षभर दम धरणारा किल्ला भाऊबंदकीत एका रात्रीत पडतो.

आता १७६८. पेशवे माधवराव वयाने अवघे तेवीस वर्षांचे, आणि त्यांचे काका रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा. काकांनी नाशिककडच्या धोडप किल्ल्याच्या आश्रयाने फौज जमवली. गायकवाडांची कुमक त्यांना मिळाली, होळकरांचे दिवाण गंगोबातात्या त्यांच्या सल्ल्याला. धोडप उंच, पाहताच छाती दडपावी असा. १० जून १७६८ रोजी माधवरावांनी खालची फौज मोडली. दादा गडावर चढून बसले. पण वर बसून करणार काय? फौज पांगली, मदत येण्याची वाट बंद, आणि खाली पुतण्या. काही दिवसांत दादांना खाली यावे लागले आणि पुण्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत जावे लागले. ज्या गडाच्या भरवशावर बंड केले, त्याच गडाने त्यांना एका जागी धरून ठेवले. मोकळ्या मैदानात असते तर कदाचित निसटले असते, असे मला नेहमी वाटते. घोड्यावर बसून पळण्यात दादांचा हात धरणारा दुसरा नव्हता.

या भांडणात नागपूरकर जानोजी भोसले दादांच्या बाजूचे. काकांची व्यवस्था लागल्यावर माधवराव भोसल्यांकडे वळले. १७६८ संपता संपता पेशव्यांची फौज वऱ्हाडात शिरली. दोन्ही बाजूंना मराठे. दोन्ही बाजूंना भगवे निशाण. जानोजीने काय करावे? त्याने मैदानात गाठ घेतलीच नाही. कुटुंबकबिला आणि चीजवस्तू गाविलगडावर रवाना केली आणि स्वतः हलक्या फौजेनिशी मोकळा झाला. त्याचे दिवाण देवाजीपंत चोरघडे, पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत ज्यांचे नाव घेतात ते. हा डाव कोणाच्या डोक्यातला ते जानोजीच जाणे, पण डाव शहाणपणाचा होता.

मंडळी, यादवीत किल्ल्याचे पहिले काम हे. जे गमावून चालणार नाही ते आत ठेवायचे. राणी, वारस, जामदारखाना, शिक्का. एकदा ते सुरक्षित झाले की धनी निर्धास्तपणे मुलूखभर फिरू शकतो, माघार घेऊ शकतो, दुसऱ्याचा मुलूख जाळू शकतो. गडामुळे तो टिकतो, आणि तो टिकतो म्हणून भांडणही टिकते.

माधवरावांनी नागपूर लुटले, भंडाऱ्याचा किल्ला घेतला आणि चांद्याला वेढा दिला. चांदा तुमच्यापैकी वणीकडच्या लोकांना घरच्यासारखे. इरई आणि झरपट यांच्या संगमावर गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे चार मोठे दरवाजे. पेशव्यांच्या तोफा तिथे अडल्या. इकडे जानोजी वऱ्हाडातून पश्चिमेकडे सुटला, थेट पुण्याच्या रोखाने. पुण्यात घबराट झाली, लोक सामान बांधून बाहेर धाडू लागले. पेशव्यांना चांद्याचा वेढा उठवून मागे फिरावे लागले. शेवटी २३ मार्च १७६९ रोजी कनकापूरचा तह झाला. आधी मिळालेल्या मुलखातला मोठा हिस्सा जानोजीने परत केला, आणि पेशव्यांना दरसाल पाच लाख एक रुपया द्यायचे कबूल केले. त्या वरच्या एका रुपयात मान राखला गेला. चांदा पडला नाही, गाविलगड पडला नाही, कोणी राजा मेला नाही. बखरीत वाचले तर बरीच सभ्य लढाई झाली असे वाटते.

आता हिशेब आपल्या बाजूने मांडू.

घोड्याला गवत लागतेच, आणि चाकरीच्या घोड्याला त्यावर चंदी लागते. दिवसाला दोन शेर धरू. फौजेत दहा हजारच घोडी आहेत असे समजू. रोज वीस हजार शेर दाणा झाला. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. म्हणजे दिवसाला पंचवीस खंडी, महिन्याला साडेसातशे खंडी. हे फक्त घोड्यांचे. माणसे, बैल, हत्ती, बाजारबुणगे, पाठीमागचे पेंढारी वेगळे. हा दाणा पुण्याहून कोणी आणत नसे. तो वाटेवरच्या गावात मिळे. मागे फिरताना परत त्याच गावात मिळवावा लागे. आणि पाठलाग करणारी दुसरी फौज आली की तिलाही तोच हवा. फौजा आल्या हिवाळ्यात. त्या वेळी आपल्याकडे ज्वारी खळ्यात असते.

'घासदाणा' हा शब्द कुणी ऐकला आहे का? भोसल्यांच्या वसुलीतल्या एका बाबीचे नावच घासदाणा होते. कनकापूरच्या तहातही त्याचे कलम आहे. गवत आणि दाणा, हेच कराचे नाव. त्यात वऱ्हाडात दुहेरी अंमल. निजामाचा वसूल वेगळा, भोसल्यांचा वेगळा. दोघांचे अंमलदार एकाच खळ्यावर उभे. पैसा वेळेवर निघाला नाही की पाटलाला ओलीस धरून नेत. त्याला सोडवायला गाव वर्गणी करी. आज आपण देवळासाठी पावतीपुस्तके फिरवली. त्या काळी पाटील सोडवण्यासाठी घरोघर फिरावे लागे, एवढाच फरक.

म्हणून गढी. मोठ्या धन्याचा गाविलगड, तसा गावाचा हा छोटा गाविलगड. खाली दगडाचा पाया, वर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, चार कोपऱ्यांना बुरूज, आत विहीर आणि धान्याची पेवे. तोफेपुढे ती टिकत नसे, तिची बांधणीही त्यासाठी नव्हती. दहा-वीस स्वारांची टोळी लुटीला आली तर दार लावून दोन दिवस दम धरायचा. टोळीलाही घाई असते. मागून मोठी फौज येते आहे हे तिलाही ठाऊक असते. आपल्याकडे म्हातारी माणसे सांगत की अशा वेळी या देवळातला चांदीचा मुखवटा आधी गढीत जाई, मग बायकामुले, मग गुरे. पिंड तेवढी इथेच राहायची. महादेव उघड्यावर बसायचा आणि त्याला कोणी काही करायचे नाही, असे ते म्हणत. कागद नाही, पण मला ते खरे वाटते. गढीत सारे मावत नव्हते, हेही त्यांनी सांगितले आहे. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे दाराशी ठरायचे. वाड्यातले आधी आत. गावकुसाबाहेरच्यांना कोणी हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. गढीचा अभिमान धरताना हेही बोलले पाहिजे.

पुढचे पर्व आपल्या आणखी जवळचे. जानोजी मे १७७२ मध्ये वारला. त्याला पोटचा मुलगा नव्हता. त्याने मुधोजीचा मुलगा रघुजी याला वारस ठरवले होते. साबाजी म्हणाला, मी भाऊ आहे, पद माझे. जानोजीची विधवा दर्याबाई साबाजीकडे. दोन भावांच्या फौजा वऱ्हाडभर एकमेकींच्या मागे हिंडू लागल्या. १७७३ मध्ये अकोल्याजवळ कुंभारी येथे लढाई झाली, निकाल लागला नाही. तडजोड झाली, मोडली. तोवर पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ३० ऑगस्ट १७७३. तिथेही दोन पक्ष. राघोबादादांनी मुधोजीला उचलून धरले, तर दादांच्या विरोधातल्या बारभाईंनी साबाजीला. पुण्याच्या भांडणाला वऱ्हाडातले भांडण अशी गाठ बसली.

बारभाईंनी त्या वेळी जे केले त्यात किल्ल्याचा उपयोग फार नेमका दिसतो. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनी पुण्याहून हलवून पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुरंदराने त्या वर्षी एक बाळ सांभाळले. त्या बाळाच्या नावाने सह्या होत, फौजा हलत. हजारो स्वारांपेक्षा त्या एका पाळण्याचे वजन जास्त होते. राघोबादादांनी बाहेर कितीही लढाया मारल्या असत्या, तरी पाळणा गडावर होता तोवर त्यांना पेशवा व्हायची वाट नव्हती.

इकडे भोसल्यांचा निकाल मात्र कोणत्याही गडावर लागला नाही. तो लागला नागपूरच्या दक्षिणेला पाचगावच्या रानात, २६ जानेवारी १७७५ रोजी. लढाई साबाजीच्या बाजूने झुकली होती. मुधोजी जखमी, हत्तीवर, चोहोबाजूंनी वेढलेला. लढाई संपली असे धरून साबाजीने आपला हत्ती भावाच्या हत्तीजवळ नेला आणि शरण ये म्हणाला. मुधोजीने गोळी झाडली. साबाजी जागीच गेला. त्या क्षणापर्यंत हरलेला माणूस नागपूरचा धनी झाला. दारव्हा ज्याच्या वाटणीला आला होता, त्याचा शेवट असा झाला. दोघे एकाच बापाचे. आया वेगळ्या.

आणि जिंकलेल्या भावाला मिळाले काय? लगेच निजामाची फौज दबाव आणू लागली आणि गाविलगड, नरनाळा सोडून देण्याचे मुधोजीला कबूल करावे लागले. पुढे सख्य होऊन ते परत आले, ही वेगळी गोष्ट. घरातला एक भाऊ बाजूला केला की त्याची किंमत घेणारा शेजारी उंबऱ्यावर उभा असतो.

इंग्रजांनी हेच ओळखले. १८०३ मध्ये आडगावच्या लढाईनंतर वेलस्लीची फौज गाविलगडाला भिडली. दक्षिणेचा कडा दुर्गम, म्हणून स्टीव्हनसनने डोंगर फोडून जड तोफा उत्तरेच्या अंगाला नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आपले गाव धरून, भोसल्यांच्या हातून गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे ठेवले. मुलूख गेला आणि गड उरले! अंगण विकून ओसरी ठेवल्यासारखे.

शेवट पाहायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांना नागपूरच्या घरातली आपली जागा पक्की करायची होती, म्हणून त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी त्यांचा चुलतभाऊ परसोजी मारला गेला आणि आप्पासाहेब गादीवर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीला त्याच इंग्रजांशी लढून हरले. तेव्हा पुण्याहून निघालेले दुसरे बाजीराव पेशवे आप्पासाहेबांच्या आशेने चांद्याकडे येत होते. चांदा अजून भोसल्यांच्या माणसांकडे होता. वर्धा ओलांडली की चार दरवाजे उघडतील, असा हिशेब. वर्धेवर इंग्रज आडवे आले. बाजीराव पांढरकवड्याकडे वळले आणि १७ एप्रिल १८१८ रोजी शिवणीजवळ कर्नल अॅडम्सने त्यांना गाठले. मोड झाला, पेशवे उमरखेडच्या बाजूला निघून गेले, आणि ३ जून रोजी माल्कमच्या स्वाधीन झाले. अॅडम्स पांढरकवड्याहून चांद्यावर गेला. ज्याची वाट पाहत दरवाजे मिटून बसले होते तो येणार नाही, हे आत माहीत असणारच. तरी किल्लेदार गंगासिंगाने गड दिला नाही. २० मे रोजी तट फोडून इंग्रज आत शिरले, गंगासिंग मारला गेला. पन्नास वर्षांपूर्वी पेशव्यांना अडवणारा चांदा, पेशव्यांच्याच आशेवर पडला.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे आपल्याकडेच का? नाही. इंग्लंडात १६४२ पासून राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई झाली तेव्हा सरदारांच्या जुन्या गढ्या एकदम मोलाच्या झाल्या, आणि लढाई आटोपल्यावर पार्लमेंटने त्यांतल्या पुष्कळ मुद्दाम पाडून टाकल्या, पुन्हा कोणी दार लावून बसू नये म्हणून. अमेरिकेतली यादवी तर एका किल्ल्यावरच पेटली. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या लोकांनी तोफा डागल्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि बंदरांच्या तोंडावरच्या किल्ल्यांसाठी चार वर्षे झगडा चालला. विल्मिंग्टन बंदर राखणारा फिशर किल्ला जानेवारी १८६५ मध्ये पडला तेव्हा शेवटची मोठी वाट बंद झाली. याच्याशी आपला काय संबंध? त्या कोंडलेल्या बंदरांत कापूस अडकला होता. विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली ती त्या काळात. १८६५ मध्ये तिकडची लढाई मिटली, भाव कोसळले, पण पऱ्हाटी गेली नाही. आपल्या रानात आज काय उभे आहे आणि त्याच्या भावासाठी आपण कोणाच्या तोंडाकडे पाहतो, हे मी सांगायला नको. बापजन्मी न पाहिलेल्या समुद्रातल्या किल्ल्याने आपल्या काळ्या जमिनीचे पीक बदलले.

असो. वेळ बराच झाला, महाप्रसादाची चूल पेटली आहे असे दिसते. आता ज्यासाठी मी हा विषय मान्य केला ते बोलतो.

हे देऊळ अकरा वर्षे अर्धे उभे होते. पैशाअभावी नव्हे. थोरला वाडा आणि धाकटा वाडा एका बैठकीला बसायला तयार नव्हते. वर्गणी कोणाच्या हाती राहील, पायरीवर नाव कोणाचे आधी येईल, गढीची जागा कोणाची. मी धाकट्या वाड्याचा. त्या बैठकांतून उठून गेलेल्यांत मीही होतो, आणि एकदा तर सारे बसलेले असताना मी तिजोरीची किल्ली खिशात घालून घरी निघून आलो होतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हे केले. देणगीदार मंडळींनी मुंबई-नागपूरहून पाठवलेले पैसे तेवढी वर्षे बँकेत पडून राहिले, आणि गाभाऱ्यात पावसाळाभर पिंडीवर ठिबकत राहिले. माझ्या वाड्याचे काही बिघडले नाही. थोरल्या वाड्याचेही नाही. पूजेला येणाऱ्या बाया तेवढ्या ओल्या पायरीवर घसरत होत्या.

आता दोन्ही वाडे एका सतरंजीवर बसले आहेत, याचे श्रेय तरुण मंडळींना आहे. त्यांच्या पुढच्या बैठकीत आवारभिंतीचा प्रश्न येणार आहे. दगड कमी पडतो, म्हणून गढीचा उरलेला एक बुरूज उकलावा अशी सूचना आहे. बाकीचे तीन कधीच गेले. त्यांची पांढरी माती आपल्याच धाब्यांवर चढली, दगड आपल्याच जोत्यांत बसला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गढीचा माल गावाचाच होता. पण हा एक राहू द्यावा असे मला वाटते. चौथीतल्या त्या मुलाला अजून उत्तर द्यायचे आहे, आणि ते बुरुजाशी उभे राहूनच देता येईल.

दगडाची सोय मी पाहिली आहे. आमच्या वाड्याची मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली. काळा घडीव दगड आहे, त्यातला काही गढीचाच असावा, कारण तसाच टाकीचा घाव आहे. परवा मजूर लावून ढीग मोजला. ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या सहज भरतील. सोमवारी सकाळी फाटक उघडे ठेवतो. थोरल्या वाड्याचा ट्रॅक्टर आला तर अंगणातून सरळ आत येऊ द्या, असे घरी सांगून ठेवले आहे.